पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इम्युनिटी चांगली?

वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरे

मागच्या अंकात या सदरात लिहिलं होतं की आपल्या प्रतिकारशक्तीचे दोन भाग असतात. एक जन्मजात. एखादा जंतू पूर्वी कधीही भेटलेला नसला तरी हा भाग काही मिनिटांत, फार तर काही तासांत कामाला लागतो. दुसरा अर्जित. तो जंतूची नेमकी ओळख करून घेतो, त्याच्यापुरते प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करतो, त्यात आठवडाभर घालवतो, पण मग ती ओळख विसरत नाही. लशीचं सगळं काम या दुसऱ्या भागावर चालतं, म्हणून बोललं जातं तेही त्याच्याबद्दलच. तुमच्या पत्रांत मात्र बहुतेक प्रश्न पहिल्या भागाविषयी आहेत. मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण नौपाड्यातल्या माझ्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रोज दिसतात त्या पेशी मुख्यतः याच भागाच्या. सारखी पत्रं एकत्र केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मिस्टरांचा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट आला. टोटल काउंट १७,८०० आहे. बाजूला नॉर्मल ४,००० ते ११,००० लिहिलंय. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात असं शाळेत शिकलो होतो. मग त्या जास्त आहेत म्हणजे इम्युनिटी चांगली आहे असंच ना? त्यांना दोन दिवस ताप आहे आणि पोटात उजवीकडे खाली दुखतंय, पण डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. रिपोर्ट चांगला आहे म्हणतात. — गृहिणी, कळवा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्यावर छापील उत्तराची वाट बघत बसू नये म्हणून संपादकांनी तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता. ॲपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं, ते घरी आले, हे कळलं तेव्हा जिवात जीव आला. आता बाकीच्या वाचकांसाठी.

टोटल काउंटचा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाचायचा नसतो. तो वाढला याचा अर्थ शरीरात कुठेतरी काम निघालं आहे आणि अस्थिमज्जेने, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाने, तिकडे पेशी पाठवल्या आहेत. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल असतात. रिपोर्टमध्ये कधी त्यांना पॉलीमॉर्फ असंही लिहितात. आपली अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते, आणि रक्तात उतरल्यावर त्यांचं आयुष्य फार थोडं असतं. म्हणजे कुठलाही आजार नसतानासुद्धा हा कारखाना रात्रंदिवस चालू असतो. ॲपेंडिक्ससारख्या ठिकाणी जंतू माजले की मागणी वाढते आणि पुरत्या तयार न झालेल्या पेशीही रक्तात येऊ लागतात. पिकलेल्या न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला तीन ते पाच पाळ्या असतात, कोवळ्याचं केंद्रक वाकवलेल्या पट्टीसारखं सलग दिसतं. काचेवर असल्या पट्ट्या जास्त दिसल्या की मी रिपोर्ट टाइप होण्याआधी डॉक्टरांना फोन लावते.

उलटंही लक्षात ठेवा. जिने धावत चढून आलात, स्टिरॉइडची गोळी चालू आहे, बाई गरोदर आहे, यातही काउंट वाढतो आणि संसर्ग काहीच नसतो. पळाल्यावर किंवा स्टिरॉइडने रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून असलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात, इतकंच. डेंग्यूत तर काउंट घसरतो. आणि वयस्कर माणसाच्या रक्तात जंतू पसरलेले असताना काउंट दोन-तीन हजारांवर आला तर ती १७ हजारांपेक्षा वाईट बातमी असते, कारण पाठवायला पेशी उरलेल्या नसतात. तेव्हा आकडा एकटा वाचू नका. माणसाला काय होतंय त्याच्या शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : मी ऐरोलीला आयटीत आहे, रात्रपाळी असते. दीड हजार रुपयांच्या इम्युनिटी बूस्टर गोळ्या दर महिन्याला घेतो, सकाळी गुळवेलीचा काढा पितो. तरी महिन्यातून एकदा सर्दी होतेच. अजून काय घेऊ? — वय ३१

उत्तर : अजून काही घेऊ नका. आहे तेच कमी करा.

‘बूस्ट’ करण्याची ही कल्पनाच मला धोकादायक वाटते, आणि का वाटते ते २०२० सालाने दाखवून दिलं. त्या वर्षी ठाण्यात घराघरांत काढे उकळत होते, सगळ्यांना प्रतिकारशक्ती वाढवायची होती. पण कोविडमध्ये ज्यांची फुप्फुसं भरत होती त्यातल्या अनेकांत प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती, ती आवरत नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले. हे औषध दाह (इन्फ्लमेशन) दाबतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही, कारण त्यांची जन्मजात यंत्रणा बेतानेच काम करत होती आणि तिला दाबायचं कारण नव्हतं. एकच औषध, एकच आजार, आणि कुणाला द्यायचं हे ठरतं ते दाह किती आहे त्यावर. या सगळ्यात ‘वाढवा’ला जागा कुठे आहे?

काढ्याबद्दल. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल नियमित घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. माझं मत स्पष्ट आहे : आजार नसताना, महिनोन्‌महिने, स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नये. आणि घेत असाल तर एकदा एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

आता तुमची सर्दी. प्रौढ माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी होणं अगदी सामान्य आहे. दर महिन्याला, ताप नसताना, सटासट शिंका, डोळ्यांना खाज, नाकातून पाणी असं असेल तर ती बहुधा ॲलर्जी आहे. म्हणजे धुळीतल्या माइटसारख्या निरुपद्रवी गोष्टीवर प्रतिकारयंत्रणेने उगाच उठलेलं काहूर. ते वाढवायच्या गोळ्या तुम्ही विकत घेताय.

पत्राच्या शेवटी तुम्ही ‘शिफ्टमध्ये चार-पाच सिगारेटी होतात’ असं एका ओळीत उरकलं आहे. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट थर वर घशाकडे ढकलत राहतात. तिथून तो आपल्या नकळत गिळला जातो आणि जठरातल्या आम्लात पडतो. त्या आम्लाचा पीएच दीड ते साडेतीन असतो, त्यात फार थोडे जंतू तगतात. इतकी सुरेख सोय, आणि धुराने हे तंतू मंदावतात, पुढे झडतात. सिगारेट सोडा, दिवसा खोलीला जाड पडदे लावून सात तास झोप काढा आणि एचबीए१सी ही साखरेची तपासणी करून घ्या. साखर चढलेली असेल तर न्यूट्रोफिल जखमेपर्यंत जायलाही कुचराई करतात आणि जंतू गिळायलाही. दीड हजार रुपयांत ही तपासणी होऊन वर भरपूर पैसे उरतील.

प्रश्न : सोसायटीच्या बागेत खेळताना मुलाच्या तळपायात काटा मोडला. दुसऱ्या दिवशी लाल होऊन ठणकायला लागलं, मग पू झाला आणि जांघेत गाठ आली. सासूबाई हळद-चुना लावायचं म्हणतात. पू दाबून काढू का? पू नक्की असतो काय? — आई, घोडबंदर रोड

उत्तर : पू दाबू नका, चुना लावू नका. चुना त्वचा भाजतो आणि भाजलेल्या त्वचेतून जंतूंना आणखी वाट मिळते. मुलाला डॉक्टरांकडे न्या. काटा आत असेल तर ते काढतील आणि धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारतील. जांघेत गाठ आहे, म्हणजे हे आज करायचं काम आहे.

तुमच्या मुलाच्या तळपायात जे घडलं ते पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं तेही काट्यामुळेच. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती, हा मात्र सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. समोर तारामाशाच्या पारदर्शक अळ्या होत्या आणि त्यांच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी दिसत होत्या. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्याने ते अळ्यांत खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर काट्याभोवती त्या पेशींनी गर्दी केली होती. तारामाशाला ना रक्तवाहिन्यांचं जाळं, ना आपल्यासारखे प्रतिपिंड. तरी परक्या वस्तूला घेरून गिळायचं काम त्याच्या पेशी करतात. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. एर्लिखचं काम प्रतिपिंडांवरचं. दोघांच्या बाजूच्या लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला होता की खरं संरक्षण पेशींचं की रक्तातल्या द्रवाचं. दोघंही बरोबर होते.

काटा घुसतो तेव्हा त्वचेखाली आधीपासून बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या जंतू गिळणाऱ्या पेशींना प्रथम कळतं. त्या रसायनं सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि गरमपणा. भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात, म्हणून ठणका. न्यूट्रोफिल तर वेगाने वाहणाऱ्या रक्तात असतात, ते तिथेच कसे उतरतात? फास्ट लोकलमधून ठाण्याला उतरायचं तर आपण मुलुंड जाण्याआधीच रेटत दाराशी येतो, दांडी धरतो आणि गाडी हळू झाली की बाहेर पडतो, तसंच जवळजवळ. जखमेजवळच्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. न्यूट्रोफिल त्यावर अडखळत घरंगळतो, मग घट्ट धरतो आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर सटकतो. बाहेर आल्यावर जंतू गिळतो, पोटात विषारी ऑक्सिजन आणि विकरं (एन्झाइम) सोडून त्यांना मारतो. काही न्यूट्रोफिल तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवतात. हे २००४ साली कळलं, आणि त्या शोधनिबंधातली छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत राहिले होते. परत रक्तात जाणं बहुतेकांच्या नशिबी नसतं. मेलेले न्यूट्रोफिल, मेलेले जंतू आणि विरघळलेली ऊती, हाच पू. घाण नव्हे तो. पण दाबला तर जंतू शेजारच्या ऊतीत ढकलले जातात. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या भागातली पुळी तर कधीच फोडू नये, तिथल्या शिरा आत मेंदूच्या दिशेने जोडलेल्या आहेत.

जांघेतली गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. जखमेजवळच्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन तिथे जातात आणि अर्जित यंत्रणेला ते दाखवतात. या पेशी राल्फ स्टाइनमन यांनी शोधल्या. २०११ च्या नोबेलची घोषणा झाली त्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते. समितीला ते ठाऊक नव्हतं, आणि पारितोषिक कायम ठेवलं गेलं.

प्रश्न : माझी रिक्षा वंदना टॉकीजपाशी पाण्यात बंद पडली, गुडघाभर पाण्यातून ढकलत नेली. टाचांना भेगा आहेत. डॉक्टरांनी ताप वगैरे काही नसताना अँटिबायोटिक दिलं. मी कधी आजारी पडत नाही. गोळी घेतली नाही तर चालेल का? — रिक्षाचालक, वागळे इस्टेट (पत्र मुलीने लिहिले आहे)

उत्तर : दादा, गोळी घ्या. डॉक्टरांनी लिहून दिली तशीच, न चुकता. तुमची प्रतिकारशक्ती उत्तम आहे हे मी मान्य करते, आणि तरीही घ्या म्हणते. त्याचं कारण मुलीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

पाऊस तुंबला की उंदीर-घुशींचं मूत्र त्या पाण्यात मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरा हा जंतू येतो. धडधाकट कोरडी त्वचा त्याला आत येऊ देत नाही. त्वचेचा वरचा मेलेल्या पेशींचा थर साधारण महिन्याभरात नवा होत असतो, तो किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात जंतूंना भोकं पाडणारे डिफेन्सिनसारखे छोटे रेणू असतात. पण भेगा पडल्या, खरचटलं किंवा तासभर पाण्यात राहून कातडी मऊ पडली की दार उघडतं. डोळ्यांत, तोंडात पाणी उडालं तरीही.

आता यातली खरी अडचण. आपल्या पेशींवर जंतू ओळखणारे काही ग्राहक रेणू असतात. अमुक जंतू असं ते ओळखत नाहीत. जंतूंच्या मोठ्या गटात असतात आणि आपल्यात नसतात अशा खुणा ओळखतात. अशी यंत्रणा असली पाहिजे असं चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली म्हटलं. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे झ्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की टोल नावाचा जनुक बिघडलेल्या फळमाश्या साध्या बुरशीनेही मरतात. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांना उंदरांत तसाच रेणू सापडला, तो टीएलआर ४. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणात लायपोपॉलिसॅकराइड असतं. ते अत्यल्प प्रमाणात असलं तरी टीएलआर ४ ला कळतं, आणि लगेच सगळी यंत्रणा जागी होते. हॉफमन आणि बॉयटलर हे दोघं २०११ च्या नोबेलात स्टाइनमन यांच्याबरोबर होते.

लेप्टोस्पायराच्या आवरणातही लायपोपॉलिसॅकराइड आहे, पण त्याची घडण वेगळी आहे आणि माणसाच्या टीएलआर ४ ला ती ओळखता येत नाही. उंदराच्या टीएलआर ४ ला येते. म्हणून उंदीर आजारी न पडता तो जंतू मूत्रपिंडात बाळगतो आणि बाहेर टाकत राहतो. जंतूला चिकटून त्याला भोकं पाडणारी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं आपल्या रक्तात असतात, त्यांना आवरणारा आपलाच एक रेणू हा जंतू स्वतःच्या अंगावर ओढून घेतो. म्हणजे पहिले काही दिवस तो शरीरात वाढत असतो आणि आपली पहिली फळी हवी तितकी उठत नाही. ती उठते तेव्हा उशीर झालेला असतो, जंतू भरमसाट असतात, आणि मग उसळणारा दाह यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांना जड जातो. तुमच्या दणकट तब्येतीचा इथे उपयोग होत नाही तो यामुळे. ती गोळी नेमकी या मधल्या दिवसांसाठी आहे.

आणि मुली, तू हे लक्षात ठेव. पाण्यातून गेल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांत, कधी महिन्याभरापर्यंतही, बाबांना अचानक थंडी-ताप आला, पोटऱ्या दाबल्या तरी सहन होईनात, डोळे लाल झाले पण चिपडं नाहीत, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं आणि ‘पुराच्या पाण्यातून गेले होते’ हे पहिलं वाक्य बोलायचं. हा जंतू इतका बारीक आहे की माझ्या रोजच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, आणि रक्तातली प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन निश्चिंत झालेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा उपचार तपासणीसाठी थांबवायचे नसतात.

प्रश्न : ताप ९९.५ झाला की आमच्याकडे लगेच पॅरासिटामॉल देतात. योग्य आहे का? — आजोबा, तलावपाळी

उत्तर : आजोबा, तेवढ्यासाठी गरज नाही. मॅक्रोफेजने सोडलेली रसायनं मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या केंद्रापर्यंत निरोप पोचवतात आणि ते केंद्र मुद्दाम तापमान वर नेतं. १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर यांनी जंतूसंसर्ग झालेले वाळवंटी सरडे निरनिराळ्या तापमानांत ठेवले. स्वतः ताप निर्माण न करू शकणारे हे प्राणी उबेत ठेवले तर जास्त वाचले. अंग फार दुखत असेल, झोप लागत नसेल, मूल मलूल असेल, आधी तापात झटका आलेला असेल, हृदयविकार असेल तर गोळी जरूर द्या. डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. आणि तुमच्या वयात ताप न येताही मोठा संसर्ग असू शकतो. अचानक बडबड, गोंधळ, जेवण तुटणं याकडे घरच्यांनी तापाइतकंच लक्ष द्यावं.

प्रश्न : मध्यरात्री अंगठा लालभडक सुजला, चादरीचा स्पर्श सहन होईना. वाटलं जंतू गेले, अँटिबायोटिक घेतलं. डॉक्टर म्हणाले गाऊट. जंतू नाहीत तर एवढी सूज कशी? — बँक कर्मचारी, घणसोली

उत्तर : कारण जन्मजात यंत्रणा फक्त जंतू शोधत नाही. पेशींमध्ये काही बिघडलं तर त्यावरही ती उठते. युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात. मॅक्रोफेज ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग पेशीच्या आत इन्फ्लमासोम नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि इंटरल्यूकिन १ हे दाह पेटवणारं रसायन बाहेर पडतं. स्फटिक हे नेमकं कसं घडवतात ते २००६ साली उलगडलं. पुढे न्यूट्रोफिल धावत येतात आणि सगळं काट्यासारखंच होतं. सांध्यातून काढलेलं पाणी मी ध्रुवीकृत प्रकाशाखाली बघते तेव्हा न्यूट्रोफिलच्या पोटात आरपार गेलेल्या चमकत्या सुया दिसतात. इतक्या वर्षांनीही ते दृश्य पाहून मी शेजारच्या टेक्निशियन मुलीला हाक मारतेच.

तुम्हाला दिलेलं कोल्चिसिन युरिक ॲसिड कमी करत नाही, ते न्यूट्रोफिलचं चालणं रोखतं. पावसाळ्यात येऊरच्या वाटांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातही कोल्चिसिन असतं आणि ती भयंकर विषारी आहे, कंद चुकूनही तोंडात घालू नका. ऐन झटक्यात युरिक ॲसिडचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. मात्र सांधा सुजला आहे आणि ताप चढतोय, तर सांध्यात खरोखर जंतू असू शकतात. तेव्हा पाणी काढून बघितल्याशिवाय गाऊट म्हणून सोडून देऊ नये.

प्रश्न : मुलीचं बाळंतपण झालं. रुग्णालयात पहिल्या दिवशी बाळाला अंघोळ घातली नाही, अंगावरचा पांढरा थर पुसू दिला नाही, मध चाटवू दिला नाही. आमच्या काळी असं नव्हतं. बाळाच्या इम्युनिटीसाठी घुटी द्यावी का? नाळेला काय लावावं? — आजी, नेरूळ

उत्तर : आजी, बाळासाठी तुमचा जीव किती तुटतो ते पत्रात दिसतं. रुग्णालयाने केलं ते बरोबर केलं. त्या पांढऱ्या थरात लायसोझाइम आणि डिफेन्सिन हे जंतू मारणारे रेणू असतात. लायसोझाइम अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्यातही असतं. सर्दीतल्या शेंबडात ते अलेक्झांडर फ्लेमिंगना सापडलं, पेनिसिलिनच्या काही वर्षं आधी. शिवाय लवकर अंघोळीने बाळ गार पडतं. जागतिक आरोग्य संघटनाही २४ तास थांबा असंच सांगते.

घुटी नको, मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. पहिले दोन-तीन दिवस आईला येणारा घट्ट पिवळसर चीक हीच घुटी. त्यात प्रतिपिंड आहेत, लायसोझाइम आहे, जंतूंचं लोह पळवणारं लॅक्टोफेरिन आहे आणि जिवंत पांढऱ्या पेशीही आहेत. तो थेंबभरही वाया जाऊ देऊ नका. बाळाच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा साठा फार थोडा असतो आणि तो लवकर संपतो. म्हणून बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं, सुस्त झालं, तर ताप नसला तरी तडक डॉक्टर.

नाळेला काहीही लावू नका, कोरडी ठेवा. ती साधारण एक-दोन आठवड्यांत गळते आणि गळायलाही न्यूट्रोफिलच लागतात. महिना उलटूनही गळली नाही, किंवा भोवती लाली आहे पण पू होत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. रक्तवाहिनीच्या भिंतीला धरताच न येणारे न्यूट्रोफिल घेऊन काही मोजकी बाळं जन्मतात. त्यांचा काउंट अवाच्या सवा वाढलेला असतो, कारण पेशी रक्तातून बाहेरच पडू शकत नाहीत. अशा तपासण्या परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयआयएचमध्ये होतात. बाळाचा सीबीसी झाला असेल तर त्याची प्रत सोबत न्या, आणि नाळ कितव्या दिवशी गळली ते त्यावर पेनाने लिहून ठेवा.